म्हाळूच्या सुतातली कच्ची जागा

पुण्याच्या प्रयोगशाळेत म्हाळूच्या रक्ताचा निकाल निर्दोष आला, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीला, शिवकन्येला, आनंद व्हायला हवा होता. पण तिथंच नोकरीला असलेली ती खट्टू झाली. गुणसूत्रं धडधाकट, म्हणजे आईचंच खरं ठरणार!

बहात्तरच्या दुष्काळात म्हाळू तान्हा होता आणि त्यांची आई सारजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. "माजं दूध आटलं अन् लेकराची अक्कल आटली," असं ती एकोणीस वर्षं म्हणत आली. तेव्हापासून तिनं स्वतः दूध सोडलं होतं, चहासुद्धा कोरा. कुणी समजवायला गेलं की बाई अंगावरच यायची.

शिवकन्येला धारूरची घोंगडी सोसायटी आठवली. काय दिवस होते ते! लोकरीचा वास, मागांची खटखट आणि दारात फतकल मारून बसलेला म्हाळू. दहापर्यंत मोजता येत नसे, पण सूत ताणून कच्ची जागा शोधावी ती त्यानंच. एकदा बायकांनी घाईत त्यानं तपासण्याआधीच सुताला चिंचोक्याची खळ चढवून ते कडक केलं. म्हाळूनं सूत फेकून दिलं.

"खळ खाल्ली त्येनं. आता दिसत न्हाई," तो म्हणाला. सगळ्या हसल्या. महिन्याभरात त्या घोंगड्या फाटून परत आल्या.

शिवकन्या खुर्चीतून उठलीच. आपणही तेच केलं की! पेशी वाढवल्या त्या फोलिक आम्लानं, म्हणजे त्यांच्या खुराकानं, भरलेल्या रसात. पोटभर खाल्लेल्या पेशी कच्ची जागा कशाला दाखवतील? साहेबांच्या मागे लागून तिनं त्या पुन्हा वाढवल्या, या वेळी उपाशी ठेवून. एक्स गुणसूत्राच्या टोकाशी फट दिसली. एका पेशीत नव्हे, कितीतरी पेशींत. बुद्धी खुंटवणारा जन्मजात दोष तो हाच, आणि मुलाला एक्स मिळतं ते आईकडूनच.

पहिली एसटी धरून ती धारूरला आली.

"माय, दुष्काळानं न्हाई झालं हे. जन्माआधीच सुतात कच्ची जागा होती."

"कुणाच्या सुतात? माज्या?"

खोटं बोलावंसं फार वाटलं तिला. "व्हय. तुला ती तुज्या आईबापाकडून आली. त्ये कुणाच्या हातात नसतं. पर दूध आटल्यानं न्हाई, माय."

सारजाबाई किती तरी वेळ म्हाळूच्या बोटांकडे बघत राहिली. तो आपला सूत ताणण्यात दंग. मग पदरात तोंड खुपसून ती पोटभर रडली.

चहा झाला. शिवकन्येनं नेहमीसारखा कोरा कप आईपुढे ठेवला. सारजाबाईनं तो परत सरकवला.

"दूध टाक जरा."