कराचीभाताची देगची

मित्रांनो, मी एक जुनी देगची आहे. जुनी म्हटल्याचा मला राग येत नाही, पण 'ते भांडं' म्हटलं की येतो. भांडी घरात ढिगानं असतात, देगची एखादीच असते. गोल पोट, किंचित आवळलेलं तोंड, दोन्ही बाजूंना कड्या आणि डोक्यावर काठाचं जड झाकण, असं माझं रूप आहे. बीदरच्या मैलूर भागात एका अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली मी खुंटीला टांगलेली असते. या घरी मटण देवघराजवळच्या चुलीवर शिजवत नाहीत, अंगणातल्या तीन दगडांवर शिजवतात. म्हणून माझा मुक्काम बाहेर. मला ते बरंच वाटतं, कारण अंगणात सगळ्या गोष्टी दिसतात आणि ऐकू येतात.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. त्यानं मला इतकं ठोकलं की त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या पाठीवर आहेत. मग कल्हईवाल्यानं मला भट्टीवर तापवलं, आत नवसागर टाकला, कथील फिरवलं आणि कापसाच्या बोळ्यानं झर्रकन पुसलं. क्षणात माझं पोट आतून चांदीसारखं झालं. त्या दिवशी मला स्वतःचा फार गर्व वाटला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

मला विकत घेतलं खाजाबीनं. ती मैलूरला राहायची, मुलगा परगावी असल्यानं एकटी, पण तिच्या अंगणात गल्लीतली पोरं सदा जमलेली. तिची थोरली बहीण लग्न होऊन कराचीला गेली होती. ती एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास, पुष्कळ वर्षांनी माहेरपणाला आली. दोघी बहिणी आधी रडल्या, मग हसल्या आणि मग स्वयंपाकाला लागल्या. त्या पाहुणीनं माझ्यात जो पदार्थ शिजवला, त्यानंच माझं नशीब उघडलं.

तिनं कांदा लालसर परतला. आलं-लसूण, लवंग, दालचिनी घातली. त्यावर बारीक खिमा टाकला आणि पाण्याचा एक थेंब न घालता त्याच्याच अंगच्या पाण्यात शिजू दिला. मग दही, बटाट्याच्या फोडी, मटार, आणि वर अर्धकच्चा शिजवलेला लांब तांदूळ. झाकणाच्या कडेला कणीक थापली, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. तिखट बेताचंच, कारण तिच्या घरी लहानथोर एकाच थाळ्यातून जेवतात. झाकण उघडलं तेव्हा गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बसली होती. त्यांनीच त्याला नाव दिलं, कराचीभात. बहीण परत गेली, नाव राहिलं.

चार-पाच वर्षांनी शेजारच्या घरात चिंताकी गावाहून एक कुटुंब आलं. धुळाप्पा, त्याची बायको नागूबाई, मुलगा रविकुमार आणि सून जगदेवी. धुळाप्पाची पिढीजात मेंढरं होती. पण चराऊ रानं एकेक करून नांगराखाली गेली, रविकुमार गवंडीकामाला बीदरला आला, आणि शेवटी धुळाप्पाही कळप विकून मागोमाग आला. कळप गेला तरी त्याचा तोरा गेला नव्हता. बाजारात कुणी बोकड घ्यायला निघालं की धुळाप्पाला हाक मारायचं. तो जनावराच्या पाठीवरून हात फिरवायचा, जबडा उघडून दात बघायचा आणि एका वाक्यात निकाल द्यायचा. जेवायला बसला की मटणातली हाडाची नळी दातानं फोडायचा, आणि तो आवाज भिंतीपलीकडे मलाही ऐकू यायचा. चिंताकीत त्याची तशी ख्यातीच होती.

मग तो आवाज यायचा थांबला. तंबाखूनं म्हणा, वयानं म्हणा, धुळाप्पाचे दात एकामागून एक गेले. मिशा भरघोस असल्यानं कुणाला कळलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मटणाच्या दिवशी तो ताट घेऊन सगळ्यांकडे पाठ करून बसू लागला. हळूहळू तो वाळत चालला आणि अंगणातला काळ्या कुत्रा मात्र गुबगुबीत होत चालला. एकदा नागूबाईनं दोघांकडे नीट निरखून पाहिलं आणि ती तडक भिंतीशी आली.

"आपा, ह्येंच्या तोंडात दात ऱ्हायले न्हाईत. समदं मटण त्या कुत्र्याला घालायलेत. म्हणत बी न्हाईत, खात बी न्हाईत."

"तो खीमा खिलाओ ना अक्का," खाजाबी म्हणाली. "मेरी देगची ले जाओ."

पण धुळाप्पा कुठला ऐकायला! खिम्याचं नाव काढताच तो उसळला. "खिमा म्हाताऱ्याकोताऱ्याचं खाणं हाय. आन् कुण्या जनावराचं मास हाय ते कसं कळंल? मी मेंढरामागं जल्म काढलाय, मला शिकवायलीस व्हय?"

नागूबाई गप्प बसली. ती गप्प बसली की काहीतरी शिजतंय असं समजावं. त्या दिवसांत तिची नात तेजश्री सहा वर्षांची होती आणि तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते. नागूबाई नवऱ्यापुढं जाऊन म्हणाली, "तेजूला मटण चावंना. तिच्यासाठी खिमाभात करावा म्हणते. मास तुमीच आना आन् तुमीच बारीक करा. लेकराला परक्याच्या हातचं कामून द्यावं?"

हे मात्र त्याला पटलं. तो स्वतः जाऊन मटण घेऊन आला, बाभळीच्या ओंडक्यावर ठेवलं आणि सुऱ्यानं असा बारीक खिमा केला की खाजाबीनंही तोंडात बोटं घातली. आणि मित्रांनो, इतका सुंदर खिमा नागूबाईनं पार बुडवला! तिचंही काय चुकलं? चिंताकीत मटण म्हणजे रस्सा. पाहुणा वाढला की रस्सा वाढतो, आणि रस्सा पुरला म्हणजे घरच्या बाईची अब्रू राहते. तिनं सवयीनं माझ्यात रस्सा दाट करणारा येसराचा मसाला घातला, घागरभर पाणी ओतलं आणि त्यातच तांदूळ सोडला. माझ्या पोटात नुसती पेज झाली. लाजेनं मी आतल्या आत उकळत होते.

तेजश्रीनं एक घास घेतला आणि म्हणाली, "आज्जी, ह्ये काळ्यासाठी केलीस का?"

खाजाबी पोट धरून हसली. "हाय अल्ला, अक्का! ये खीमा है की हौद? पानी नक्को, नक्को बोली थी मैं!"

पुढच्या रविवारी खाजाबी स्वतः नागूबाईच्या अंगणात येऊन बसली. पाण्याची घागर तिनं आधी उचलून आपल्या मागं ठेवली. नागूबाईचा हात सारखा घागरीकडे जायचा आणि खाजाबी तो चापट मारून परत पाठवायची. त्या दिवशी कराचीभात जसा व्हायला हवा तसा झाला. दाणा न् दाणा मोकळा, तरी ओठांनी दाबला तरी विरघळावा इतका मऊ. धुळाप्पा नातीशेजारी बसला, "एवढं लेकरू कसं खाईल?" म्हणाला आणि तिच्या ताटातून एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग ताट थोडं स्वतःकडे ओढलं. नागूबाई निखारे सारखे करण्याच्या निमित्तानं तोंड फिरवून बसली होती. तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं.

मग आमचे सोन्याचे दिवस सुरू झाले. दर रविवारी तेजूसाठी खिमाभात व्हायचा आणि तेजूला तो संपवायला आज्जा मदत करायचा. धुळाप्पाच्या गालांवर पुन्हा मांस चढलं. काळ्या तेवढा बिचारा वाळला. सगळ्यांचंच भलं एकदम कसं होणार?

याच काळात खाजाबीच्या मुलानं तिला हैदराबादला बोलावून घेतलं. जायच्या दिवशी तिनं मला चिंचेनं लख्ख घासलं आणि भिंतीवरून नागूबाईच्या हातात दिलं. "आतून वाळूनं घासू नक्को. साल में एक बार कल्हई करवाना. और पानी नक्को," एवढं बोलून ती रिक्षात बसली. नागूबाई मला पोटाशी धरून रस्त्यावर उभी राहिली. मलाही त्या रात्रीपर्यंत खाजाबीच्या बांगड्यांचा आवाज येत असल्यासारखं वाटत राहिलं.

आणि मग, मित्रांनो, एक अगदी आनंदाची गोष्ट घडली आणि तिनंच माझा घात केला. तेजश्रीला नवे दात आले. चांगले पांढरेशुभ्र, खणखणीत दात! त्यातच नागूबाईचा धाकटा मुलगा सुनीलकुमार पुण्याहून सुट्टीला येताना मोठा कुकर घेऊन आला. फार शिट्ट्या मारणारं गडबडं प्रकरण होतं ते. जगदेवी मनानं चांगली होती, पण दिवसभर कामाला जुंपलेली. ती सहज म्हणाली, "आत्याबाई, तेजूला आता दात आले की. कशाला येवढा खटाटोप? कुकरात मटण झटकन होतंय."

नागूबाई तरी काय सांगणार? खरं सांगावं तर नवऱ्याची झाकली मूठ उघडी पडते. तिनं मला खुंटीला लावलं. तिथं माझ्या पोटात कोळ्यानं जाळं विणलं, कल्हई उडाली, तांब्यावर हिरवी झाक चढली. कुकरातलं मटण मऊ व्हायचं, तरी त्याचे धागे धुळाप्पाच्या हिरड्यांना आवरत नसत. तो पुन्हा पाठ करून बसू लागला. काळ्या पुन्हा गुबगुबीत दिसायला लागला. रोज हे बघत लटकण्यापेक्षा मोडीत गेलेलं बरं, असं मला वाटायचं.

असा एक हिवाळा आला. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे कर. त्या दिवशी घरोघरी मटण. चिंताकीहून धुळाप्पाचा जुना सोबती भीमण्णा जेवायला आला होता. दोघांनी तरुणपणी एकत्र मेंढरं राखलेली. पाहुण्यासमोर पाठ करून कसं बसणार? धुळाप्पा पंगतीत समोरासमोर बसला. भीमण्णानं आपल्या ताटातली मोठी नळी उचलून त्याच्या ताटात ठेवली.

"धुळाप्पा, फोड की! समद्या गावात तुझ्यावाणी कुनाला जमत न्हाई. बघू दे पोरास्नी."

सगळे बघू लागले. धुळाप्पानं नळी हातात घेतली आणि तसाच बसून राहिला.  नागूबाईचा वाढायचा हात थांबला. इतक्यात शेजारी बसलेली तेजश्री मोठ्यानं म्हणाली, "आज्जी, मला खिमाभात पायजे! मटण नगं. माझा दात दुखायलाय."

"दात दुखायलाय?" जगदेवी म्हणाली. "आन् काल आख्खा ऊस दातानं सोलून कोण खाल्लं? लबाडी कामून करायलीस?"

तेजश्रीचं तोंड एवढंसं झालं. ती आज्जाकडे बघत होती, आईकडे नाही. त्या पोरीला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, हे मला तेव्हा समजलं. धुळाप्पालाही समजलं. त्यानं नळी हळूच भीमण्णाच्या ताटात परत ठेवली.

"लेकराला बोलू नगंस, जगदेवी. तिचा दात दुखत न्हाई. माझ्या तोंडात दातच न्हाईत."



"मग मामा, आदी कामून सांगितलं न्हाई?" जगदेवीचा आवाज रडवेला झाला होता. "मी रोज कुकरातलं वाढायले, तुमी ऱ्हायलाव तसेच उपाशी."

धुळाप्पानं खाली बघत म्हटलं, "दात गेलेली मेंढी मी कवा कळपात ठिवली न्हाई. बाजाराला न्हेऊन सोडली. मग माझ्या तोंडानं कसं सांगावं?"

"तुमी काय मेंढी हाव व्हय?" नागूबाई एकदम कडाडली. इतक्या वर्षांत तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग ती तिथंच बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

भीमण्णानं ती नळी थोडा वेळ बोटांनी फिरवली आणि ताटाच्या कडेला ठेवून दिली. "कवाधरनं मीबी चघळूनच टाकायलोय," तो म्हणाला. "ती देगची मोठी हाय का? दोगांचं भागंल का त्यात?"

जगदेवी उठली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं. पण आत बघितलं तर मी सगळी हिरवी. त्या अवस्थेत माझ्यात शिजवलं असतं तर अन्न कळकलं असतं. ज्या दिवशी माझी खरी गरज होती, त्याच दिवशी मला चुलीवर चढता आलं नाही, याचं दुःख मला अजून आहे. त्या दुपारी दोघे म्हातारे रश्श्यात भाकरी कुस्करून जेवले. पण भीमण्णा मुक्कामी राहिला. दुसऱ्या दिवशी धुळाप्पा स्वतः मला काखेत घेऊन कल्हईवाल्याकडे निघाला. वाटेत कुणी विचारलं तर म्हणायचा, "दात गेलेत माझे. खिमाभात खायचाय." जो विचारणार नाही त्यालाही सांगायचा!

त्या दिवशी खिमा धुळाप्पानं केला, भात जगदेवीनं लावला आणि घागरीवर पहारा तेजश्रीनं दिला. धुळाप्पा अंगणात मधोमध, सगळ्यांकडे तोंड करून बसला आणि पोटभर जेवला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तेजश्री कॉलेजात जाते. रविवारी झाकणावर निखारे तीच ठेवते. सुरा धरताना धुळाप्पाचा हात आता थोडा थरथरतो, पण ओंडका तो कुणाला देत नाही. मला दरवर्षी कल्हई होते. कुकरशीही माझं बरं चाललं आहे, डाळ त्याची आणि रविवार माझा.

मित्रांनो, खुंटीवरच्या भांड्याला अधूनमधून खाली काढून आत बघत जा, एवढंच माझं मागणं आहे. आणि तुमच्या घरी कुणी ताट घेऊन पाठ करून बसत असेल, तर त्याला चार लोकांत कारण विचारू नका. भात थोडा मऊ शिजवा, आणि आपलं ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसा.