बॉबिन एकट्या श्रीपतवरच का भुंकतो

बॉबिनला काय झालंय हे गुजरातेतल्या बमरोलीच्या त्या चाळीत सगळ्यांना कळलं होतं, एकट्या आनंदीला सोडून. शेजारचा भिकन मूळचा धुळ्याकडचा. तो म्हणाला, "वहिनी, नजर लागनी कुत्राले. काया दोरा बांधा." समोरच्या पार्वतीकाकूंनी निदान केलं की दुधाने कुत्र्याच्या डोक्यात उष्णता चढलीय. आनंदीची लेक स्वप्ना घरात वऱ्हाडी ऐकायची आणि उत्तर गुजरातीत द्यायची. मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणाली, "मम्मी, एने ट्रेनिंगनी जरूर छे." आनंदीने तिघांचंही ऐकलं. काळा दोरा बांधला, दूध बंद केलं, पोळीचा तुकडा दाखवून बसायला-उठायला शिकवलं. बॉबिन शहाण्यासारखा बसायचा, उठायचा, आणि आनंदीचा नवरा श्रीपत घरी आला की त्याच्यावर भुंकायचा तो भुंकायचाच.

बरं, भुंकायचा तेही एकट्या श्रीपतवर. दूधवाल्यावर नाही, गॅसवाल्यावर नाही, जिन्यातल्या त्या आगाऊ मांजरीवरही नाही. ज्या माणसाने त्याला घरात आणलं, नेमकं त्याच्यावरच! आनंदीचं डोकं इथेच अडकत होतं.

श्रीपत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करायचा. एका पावसाळ्यात तिथल्या धाग्याच्या बॉबिनच्या रिकाम्या खोक्यात हे पिल्लू कुडकुडत बसलेलं त्याला सापडलं. तो खोक्यासकट घरी घेऊन आला, म्हणून नावही तेच पडलं. त्याला पहिली लस टोचली तेव्हा डोळे श्रीपतने मिटले होते, कुत्र्याने नव्हे. रविवारी अंघोळ घालणं, गोचिड्या काढणं, पाण्याचं भांडं घासणं, ही सगळी कामं श्रीपतची. स्वतःच्या पोरीची वेणी ज्याने कधी घातली नाही तो माणूस कुत्र्याचे केस विंचरायचा. आनंदी तोंडाने चिडवायची, पण आतून तिला बरं वाटायचं. बॉबिनही गुणी होता. बाहेर जायचं असलं की दाराशी बसून हळूच कुंई कुंई करायचा, की श्रीपत चप्पल घालून उठलाच.

दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. आधी कुंई कुंईचं भुंकणं झालं. मग समोर येऊन तोंडावर भुंकणं, मग पँट धरून ओढणं. आणि मागच्या आठवड्यात भर गल्लीत त्याने श्रीपतची पँट अशी ओढली की ती गुडघ्यापासून खाली फाटली आणि श्रीपत पानटपरीच्या पायरीवर आपटला. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढून माणसाला आणि कुत्र्याला मिळून शिव्या दिल्या. दात लागले नव्हते, तरी चाळीत बोभाटा झाला. घरमालक दारात येऊन म्हणाला, "कोई छोकराने करडशे तो?" एखाद्या पोराला चावला तर काय, हा त्याचा प्रश्न.

त्याच संध्याकाळी श्रीपतने ठरवून टाकलं. बारडोलीकडे त्याच्या मुकादमाच्या ओळखीच्या एका माणसाची उसाची शेती होती. रविवारी बॉबिनला तिथे सोडायचं. हे सांगताना तो भिंतीकडे बघत होता आणि जेवण त्याने अर्ध्यावरच टाकलं.

नवरा आणि पोर बाहेर पडले की दिवसभर आनंदी साड्यांवर टिकल्या चिकटवत बसायची आणि बॉबिन तिच्या पायाशी. तो गेला की दिवस कसा काढायचा, हे एक झालंच. पण श्रीपतचं काय? आधीच तो हल्ली गप्प गप्प असायचा. कुत्रा गेला की हा माणूस पार मिटून जाईल, अशी तिला भीती वाटत होती.

म्हणून एका दुपारी ती बॉबिनला घेऊन रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले, पोट दाबलं, कानात दिवा धरला, लसीचं कार्ड तपासलं. "कुत्ता एकदम ठीक है," त्या म्हणाल्या. "बिना कारण कोई कुत्ता ऐसा नहीं करता. कब करता है, वो देखो."

आनंदीने बघितलं, आणि होता तो गोंधळ दुप्पट झाला. कुकरची शिट्टी झाली की बॉबिन श्रीपतवर भुंकायचा. कुणी कडी वाजवली की श्रीपतवर. श्रीपतचा फोन वाजला तरी श्रीपतवरच. त्यात फोनचा काय गुन्हा होता? आणि सगळं शांत असलं की हाच कुत्रा श्रीपतच्या पावलावर हनुवटी टेकून खुशाल झोपायचा. आता याला राग म्हणायचं की माया? असं दुटप्पी जनावर तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

हे सगळं तिने पोळ्या लाटता लाटता श्रीपतला सांगितलंही. तो "हो, हो" म्हणाला आणि टीव्ही बघत राहिला. तिने ते मनावर घेतलं नाही. नवरा ऐकत नाही ही तक्रार घेऊन कुठल्या बाईने कुणाकडे जावं? सगळ्या चाळीतले नवरे त्यातलेच होते.

शिवाय ते घर, ती गल्ली, सगळं लूमवाल्यांचं. कारखान्यात शंभर मशिनांच्या खडखडाटात शेजाऱ्याचं बोलणंही कळत नाही, म्हणून कारागीर हातांनीच बोलतात. दोन बोटं फिरवली की धागा तुटला. पंजा वर करून मूठ मिटली की मशीन थांबव. श्रीपतने त्या खुणा घरातही आणल्या होत्या. पाणी हवं असलं तरी अंगठाच दाखवायचा. आणि घरी आल्यावरही ही सगळी मंडळी मोठ्यानेच बोलायची, टीव्ही मोठा ठेवायची. भिकनने नुसती वेळ विचारली तरी भांडण निघाल्यासारखं वाटायचं.

रविवार उजाडला. त्या दिवशी वीज बंद असल्यामुळे कारखान्यांना सुट्टी होती. एरवी भिंतींतून येणारी घरघर थांबली होती आणि गल्ली ओळखू येणार नाही इतकी शांत होती. श्रीपतने बॉबिनला शेवटची अंघोळ घातली. कानात पाणी जाऊ नये म्हणून अंगठ्याने एकेक कान दाबून धरला. पुसून झाल्यावर साखळी लावली, त्याचं भांडं आणि गोधडी पिशवीत भरली. मग उंबऱ्यावर बसून, घराकडे पाठ करून तो बुटांच्या नाड्या बांधू लागला. बॉबिन शेजारी उभा होता.

"नका नेऊ ना त्याले," आनंदी मागून म्हणाली.

श्रीपत नाडी बांधत राहिला.

"मी बोलून राह्यली ना?" तिचा आवाज चढला, त्यात रडू मिसळलं. त्याने दुसरा बूट पुढे ओढला. तिला संताप आला. इतकी वर्षं संसार केला, आणि हा माणूस साधी मानसुद्धा वळवत नाही! बॉबिनने मात्र वळून तिच्याकडे बघितलं, मग श्रीपतकडे, मग परत तिच्याकडे. त्याला काय करावं सुचत नसावं. तिलाही सुचत नव्हतं.

आणि तिथे उभ्या उभ्या तिला कुकर आठवला. कडी आठवली. फोन आठवला. मागून आलेला तो टेम्पो आठवला. प्रत्येक वेळी आवाज आधी, भुंकणं नंतर.

छे, असं कसं होईल? रोज ज्याला जेवायला वाढतो त्या माणसाचं आपल्याला कळणार नाही? खात्री करायला तिच्याकडे एकच गोष्ट होती. लग्नात उखाणा घेतानाही ती मान खाली घालून ओठांतल्या ओठांत पुटपुटली होती, आणि त्यानंतर तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. "स्वप्नाचे बाबा" म्हणायची. एकदा नाव घे म्हणून तो कितीदा मागे लागायचा, लाडात यायचा, रुसायचा. ती बधली नव्हती.

"श्रीपत," ती म्हणाली.

शांत घरात ते नाव तिचं तिलाच मोठं वाटलं. बॉबिनचे कान ताठ झाले. श्रीपत दुसऱ्या बुटाची नाडी ओढत होता.

"श्रीपत."

बॉबिन भुंकला. पँटची कड दातांत धरून ओढू लागला. श्रीपत दचकला, साखळीला हिसका देऊन ओरडला, "पाह्य! जाता जाता बी!" आणि दाद मागायला म्हणून मागे वळला, तर आनंदी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"काय झालं?" तो म्हणाला.

तिने तोंड उघडलं, पण बोलून काय उपयोग होता? तिने पंजा वर केला आणि मूठ मिटली. मशीन थांबव.

श्रीपत त्या मुठीकडे बघत राहिला. मग बॉबिनकडे. पँट अजून त्याच्या दातांत होती आणि शेपूट हलत होतं. श्रीपतच्या हातातली साखळी हळूहळू सैल झाली.

"कारखान्यात कोणाले सांगू नोको," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कमी येते आयकू, इतकंच वाटलं होतं मले. याले कसं समजलं?"

आनंदी त्याच्यापुढे येऊन बसली. त्याला तोंड दिसेल अशी. इतके महिने हे आपल्या लक्षातही आलं नाही, याची तिला लाज वाटली.

"तू काय म्हनत होती मांगून?" त्याने विचारलं.

"नाव घेतलं तुमचं."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. "कवा?"

"आत्ता. दोनदा."

श्रीपतने वाकून बॉबिनच्या गळ्यातली साखळी काढली, पिशवीतली गोधडी काढून जागेवर टाकली. मग तिच्याकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"आखीन एकदा घे."

तिने घेतलं. इतक्या मोठ्याने घेतलं की पार्वतीकाकू लाटणं हातात धरून दारात आल्या. श्रीपत हसला. त्याला ऐकू आलं की नुसतं ओठांवरून कळलं, हे तिला समजेना. बॉबिनने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, श्रीपतच्या बुटावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. या वेळी तो भुंकला नाही.