चाळीस मिनिटांचा चहा

औषधाची बाटली चांगली हलवून ओट्यावर ठेवली, लेकीला झोपवून तासाभराने परत आले, तर तळाशी पांढरा थर बसलेला.

नवरा म्हणाला, "तू तर उकळलेल्या दुधावरही संशय घेतेस."

घेते. पण हे तापाचं औषध आमच्याच कारखान्यातलं, आणि ते घट्ट की पातळ हे तपासायची खोली माझी. तासात थर बसायला नको, हे मला पाठ आहे. थर बसला की वरचे चमचे फिके आणि तळाचे जालीम. वर्षभराच्या पोरीच्या पोटात जाणारे.

बाटलीवरचा बॅच नंबर लिहून घेतला.

रजिस्टरमध्ये ती बॅच पास होती. सही घड्याळकाकांची. आमच्या खोलीतले सगळ्यांत जुने. सारखे मनगट बघतात म्हणून हे नाव. त्यांच्याकडून चूक? छे. तरी मागची पानं चाळली. मी नापास केलेल्या दोन बॅच त्यांनी 'फेरतपासणी'त पास केल्या होत्या. दोन्ही जेमतेम.

मग मी पाळतच ठेवली.

मशीनच्या दोन चकत्यांमध्ये नमुना ठेवताना तो ढवळला जातो, सैल पडतो. म्हणून दहा मिनिटं त्याला नुसतं पडू द्यायचं आणि मग बटण दाबायचं. तो परत किती आळला, ते मशीन सांगतं. बटण दाबल्याची वेळ मशीन स्वतः छापतं. नमुना ठेवल्याची वेळ मात्र आपण हाताने लिहायची.

मंगळवारी काकांनी अकरा दहाला नमुना ठेवला आणि चहाला गेले. मी बीकर घासत होते. परतले अकरा पन्नासला. बटण दाबलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: नमुना ठेवला, ११.४०.

सारखं मनगट बघणारा माणूस अर्धा तास विसरतो? चाळीस मिनिटं पडू दिलं तर आमचं पातळ औषधही आळून पास होतं. मशीनचा आकडा खरा, सही खरी. खोटी काय ती एक वेळ.

त्या दुपारी काका जेवायला गेले तेव्हा मी सगळ्या पानांचे फोटो काढले.

बुधवारी ते नमुना ठेवून चहाला गेले, आणि बरोब्बर दहा मिनिटांनी बटण मी दाबलं. पास व्हायला वीस तरी यायला हवे होते. आले तेरा.

"अगं, हात कुणी लावला?" काका दारातूनच ओरडले.

"मी. दहा मिनिटं झाली होती."

"तेरा?" ते हसले. "आज मशीन रुसलंय. नवा नमुना लाव, मी बघतो."

"चहा पिऊन?"

त्यांचा हात मनगटाकडे गेला आणि तिथेच थांबला. "हे बघ, बाळाची आई, वरून सांगतात माल अडवू नका. इतकी वर्षं झाली, कुणाला काही झालंय?"

"तुम्हाला कसं कळणार? बाटल्या काय परत येतात तुमच्याकडे?"

पर्समधली बाटली मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती तिरकी केली. औषध सरकलं, थर तळालाच चिकटून राहिला.

"कुणाची?"

"सही तुमची आहे."

"तसं नाही गं. कोण पितंय हे?"

"माझी लेक. तळाचेच चमचे उरलेत."

काका स्टुलावर बसले. बाटली खाली ठेवली. मग पेन काढलं, आजच्या पानावर तेरा लिहिलं आणि पुढे नापास. मंगळवारची ११.४० खोडून ११.१० केली, बाजूला सही केली.

"आणि मागच्या?" मी विचारलं. "बाजारात गेलेल्या?"

"ते साहेबांच्या हातात. चल, मीच सांगतो त्यांना. तू एकटी नको जाऊस, उलट तुलाच बोलतील."

त्यांचं बोलणं खरंच वाटत होतं.

तरी जिन्यात मी त्यांना पुढे चालायला लावलं, आणि रजिस्टर माझ्याच हातात ठेवलं.