पंच्याण्णव अंश

फिटरकाकांच्या हातून आजवर शेकडो स्वयंपाकघरं उभी राहिली होती. ट्रॉल्या, शटरं, स्टीलची सिंक, काचेच्या शेगड्या. त्यांनी बसवलेली वस्तू एकदा जागेवर बसली की वीस वर्षं हलायचं नाव काढत नसे. माणूस तसा शांत, पण तिरका गेलेला स्क्रू दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. अशा माणसाच्या बाहेरच्या खोलीत, स्टुलावर, काचेच्या दाराचा एक काळा डबा दहा दिवस धापा टाकत बसला होता, आणि काकांचं त्याच्यापुढे काही चालत नव्हतं.

डबा त्यांच्या लेकीचा. पंचवीस वर्षांची झाली तरी ते तिला ठकीच म्हणत. ठकी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मैत्रिणीबरोबर राहायची, एका मोठ्या दुकानात बिलिंगच्या काउंटरवर दिवसभर उभी असायची आणि उरलेल्या वेळात गेम खेळायची. आई गेल्यापासून महिन्यातून एकदा ती वडिलांकडे यायची. यायची म्हणजे काय, तर चहा व्हायचा. "गोळ्या घेता ना?" "घेतो." "जेवता ना वेळेवर?" "जेवतो." मग दोघं आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसत आणि तासाभरात ती पायात चपला सरकवी. त्यांचं भांडण नव्हतं. बोलायलाच काही उरलं नव्हतं, आणि काकांना ते भांडणापेक्षा जास्त लागायचं. भांडण निदान मिटवता तरी येतं.

मग एका रविवारी ती खोकी घेऊन दारात उभी राहिली. "बाबा, गेमिंगचा कॉम्प्युटर करायचाय. तयार नाही घेतला, सुटे भाग आणलेत. जोडायला मदत कराल?"

काका नाही कशाला म्हणतील? दोन रविवार घर नुसतं गजबजून गेलं. ठकी व्हिडिओ बघून सांगायची, काका स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचे. "हे काय?" "मदरबोर्ड. सगळं याच्यावर बसतं." "म्हणजे ओटा म्हण की." ती हसायची. प्रोसेसर, म्हणजे बिस्किटाएवढी चौकोनी चकती, तिने श्वास रोखून स्वतः बसवली. त्या चकतीच्या डोक्यावर बसणारा कूलर मात्र धातूचा चांगला दणकट ठोकळा होता, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा. "स्क्रूचं खातं तुमचं," म्हणत ठकीने चकतीची उष्णता कूलरपर्यंत पोचवणाऱ्या पेस्टची अख्खी नळी तिच्यावर पिळली आणि बाजूला झाली. काकांनी कूलर ठेवला आणि चारही स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. काचेची शेगडी बसवतात तसे, कुठल्याच कोपऱ्यावर आधी भार येऊ न देता. ठकी बघत होती. "वा," ती म्हणाली. ते "वा" काकांना आठवडाभर पुरलं.

जाताना तिने सांगून टाकलं, "नीट चालायला लागला की घेऊन जाईन हं." त्यात काय चुकीचं होतं? वस्तू तिची. पण त्या रात्री काकांनी स्क्रूड्रायव्हर पेटीत परत ठेवला नाही.

मशीन सुरू झालं खरं, पण स्वस्थ बसलेलं असतानासुद्धा सत्तर अंश दाखवायचं. गेम लावला की पाच मिनिटांत पंच्याण्णव, आणि मग पडदा काळा. तिसरा रविवार या दुखण्यात गेला. मागचा एक पंखा उलटा बसला होता, गरम हवा बाहेर टाकायची सोडून आत ओढत होता. तो फिरवला तेव्हा दोघांचा जीव भांड्यात पडला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा पंच्याण्णव. काचेचं दार काढून घरातला टेबलफॅन समोर लावला. त्र्याण्णव. ठकीने सेटिंगमध्ये शिरून काय काय खालीवर केलं, त्याने गेम मंदावला, उष्णता तेवढीच राहिली.

"आता कूलर उचलून बघायला हवा," ती म्हणाली. "पण उचलला की नवी पेस्ट लागते. पुढच्या वेळी आणते." मग जरा वेळाने, डब्याकडेच बघत, "प्रोसेसर बसवताना माझा हात थरथरला होता बाबा. मीच वाकडा बसवला असणार."

"छे, काहीतरीच."

"तुम्हाला नाही कळणार. ते दुरुस्तीचं वर्कशॉप आहे ना आमच्या गल्लीत, तिथल्या बाईंनी विचारलंय मला. हाताखाली ये, शिकवते म्हणाल्या. काउंटर सुटेल माझं. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी सांगायचंय. मी ठरवलंय, हे एक मशीन माझ्या हातून धड उभं राहिलं तर हो म्हणायचं. नाहीतर उगाच कशाला लोकांच्या मशीनचं वाटोळं करा."

काकांनी ऐकलं, मान हलवली आणि चहा ठेवला.

बुधवारी दुपारी हाती काम नव्हतं. काकांना राहवेना. स्क्रूचं खातं आपलं, म्हटल्यावर आपलं काम आपण तपासायला नको? त्यांनी डबा आडवा केला, चारही स्क्रू आवळले होते तसेच समोरासमोरचे सोडवले आणि कूलर हळूच फिरवून वर उचलला. त्याच्या बुडाला पेस्ट लागली होती, पण धातूला नाही. मधे एक फिल्म होती. पातळ, पारदर्शक, कडेला बारीक अक्षरं.

अशा फिल्म काकांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. त्यांच्या धंद्यात नव्या स्टीलवर, काचेवर फिल्म असतेच, आणि फिटरने ती काढायची नसते. मालक घर ताब्यात घेतो तेव्हा स्वतःच्या हाताने काढतो, म्हणजे नंतर ओरखड्यावरून वाद नको. आणि जी बाजू खाली दडणार, तिची तर कुणीच काढत नाही. राहिली तर बरंच, पत्र्याला ओल लागत नाही. तीस वर्षांत त्या अक्षरांत काय लिहिलंय हे वाचायची काकांना कधी गरज पडली नव्हती. आता त्यांनी चष्मा लावून वाचलं. बसवण्यापूर्वी काढा, एवढंच लिहिलं होतं.

काकांनी कपाळाला हात लावला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये प्लास्टिक. उष्णता जाणार कुठून? पोरीची चकती अगदी सरळ बसली होती, तिचा हात थरथरला असेल नसेल, बिघडलं होतं ते तिच्या बापाच्या सफाईने.

फोन उचलला. नंबर काढला. आणि मग त्यांच्या डोळ्यांपुढे रविवार आला. फिल्म निघेल, मशीन धावेल, ठकी दुपारपर्यंत ते खोक्यात भरेल. पुढच्या महिन्यात येईल. गोळ्या घेता ना? घेतो.

त्यांनी फोन ठेवला. कूलर होता तसाच, फिल्मसकट, परत बसवला. एकच रविवार जास्त, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि समजावताना आपण लबाडी करतोय हेही त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ठकीचा फोन आला. मधल्या वारी ती कधी फोन करत नसे. "बाबा, काही सुचलं का तुम्हाला?"

"नाही गं."

"माझंही डोकं चालत नाही. रात्रभर त्याच प्रोसेसरचा विचार." मग ती वीस मिनिटं बोलत राहिली, काउंटरवरच्या एका गिऱ्हाइकाबद्दल, मैत्रिणीच्या मांजराबद्दल. काकांनी एकेक शब्द ऐकला. किती दिवसांनी इतकी बोलली, असं वाटून त्यांना आनंद झाला आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटली.

रविवारी ती आली ती दारातच म्हणाली, "पेस्ट आणलीय, पण नको उघडायला. भाग घेतले त्या दुकानात देऊन टाकते, ते बघतील काय ते. आणि बाईंना उद्या नाही कळवते. जाऊ दे, काउंटर काही वाईट नाही."

हे तिने अगदी सहज सांगितलं. तिच्या आईनेही एकदा शिवणाचा क्लास याच सुरात सोडला होता, आणि तेव्हाही ते गप्प बसले होते.

"ठके, बस जरा."

"काय झालं?"

"चूक तुझी नाही. माझी आहे. कूलरच्या बुडाला फिल्म होती, मी काढलीच नाही. आमच्यात काढत नाहीत."

ती बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. "म्हणजे प्रोसेसर नीट आहे? तुम्हाला कसं कळलं?"

इथे थांबता आलं असतं. आत्ता सकाळी उघडून बघितलं, एवढं म्हटलं की निभावत होतं. काकांनी हात मांडीवर ठेवले.

"बुधवारी कळलं. परत तशीच लावून ठेवली."

"बुधवारी?" ठकीचं हसू गेलं. "मी शुक्रवारी फोन केला होता."

"हो."

"का पण?"

"चालू झालं की तू घेऊन जाणार होतीस."

 ठकीने डबा आडवा केला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. काकांनी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. मी करते." कूलर काढला, फिल्म ओढून टाकली, जुनी पेस्ट पुसली, नवीचा वाटाण्याएवढा थेंब ठेवला. स्क्रू आवळले ते समोरासमोरचे, थोडे थोडे. तिचा हात अजिबात थरथरत नव्हता. मशीन सुरू केलं. छत्तीस. गेम लावला. चाळीस, पन्नास, त्रेसष्ट. अर्धा तास दोघं त्या आकड्यासमोर बसून राहिले, आणि तो त्रेसष्टच्या वर गेला नाही.

मग तिने गॅलरीत जाऊन वर्कशॉपच्या बाईंना फोन केला. उद्या येते म्हणाली. काकांना आतून ऐकू आलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

खोकं दोघांनी मिळून खाली नेलं. टॅक्सीच्या मागच्या सीटवर ठेवून ठकीने त्याला पट्टा लावला आणि दार धरून उभी राहिली.

"पुढच्या रविवारी मी येणार नाही," ती म्हणाली. "मला राग आलाय."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

"त्याच्या पुढच्या रविवारी येईन. आणि त्याच्याही पुढच्या." ती आत बसली, काच खाली केली. "घरात काही बिघडवून ठेवू नका, बाबा. मी तशीही येईन."