पगारी खेळाडूंचा दरवाजा

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या एका कौंटी क्रिकेट मैदानाचा जुना, कमरेइतका उंच लाकडी दरवाजा आहे. आता माझ्यातून कोणी ये-जा करत नाही. त्याचं फारसं दुःखही होत नाही. थकलो आहे.

ओकच्या फळ्यांतून घडवून मला पॅव्हेलियनच्या कडेला, कोळशाच्या खोलीशेजारी बसवलं. मधोमध दुसरा रुंद दरवाजा होता. हौशी खेळाडू, म्हणजे घरचं खाऊनपिऊन सुखी असलेली साहेबमंडळी, त्यातून मैदानात उतरत. खेळावर पोट असलेले पगारी खेळाडू माझ्यातून. संघ मात्र एकच.

विल्फ टॅन्सली माझ्यातूनच जाई. डावखुरा फिरकी गोलंदाज, इंग्लंडकडूनही खेळलेला. हिवाळ्यात तो वीटभट्टीवर काम करी. चेंडूच्या शिवणीने त्याची बोटं सोललेली असत, म्हणून मला तो तळहाताने ढकली.

पुढे हौशी आणि पगारी हा भेद मिटला. कर्णधार म्हणाले, "टॅन्सली, आजपासून सगळ्यांनी मधूनच जायचं."

"तुम्ही व्हा पुढे, साहेब. या वयात पायांना कुठे नवे रिवाज शिकवू?"

बाकीचे मला सोडून गेले. विल्फ राहिला. काही वर्षांनी बार्बाडोसचा उंचापुरा वेगवान गोलंदाज ऑर्व्हिल गिटेन्स संघात आला, तोही विल्फच्या मागोमाग येऊ लागला.

"विल्फ, या फटीतून मांजर जाईल, माणूस नाही."

"नो-बॉल टाकताना पसरतोस तेवढे पाय इथे पसरू नकोस, म्हणजे मावशील."

दोघेही निवृत्त झाले. मग मला दरवर्षी रंग मिळाला, बिजागऱ्यांवरसुद्धा. तेल कोणी घातलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरला. नाव पुकारलं की एकेकाने मधल्या दरवाजातून मैदानात यायचं. विल्फला आता बरंच काही आठवत नसे. त्याची मुलगी जॉयस माझ्याजवळच त्याला समजावत होती, "बाबा, मधूनच जायचं हं. एकदा तुमचं नाव मैदानावर ऐकू द्या मला."

"मला मैदान दाखवतेस होय?" तो म्हणाला.

जॉयस प्रेक्षकांत जाऊन बसली. ऑर्व्हिलचं नाव आधी आलं, तो मैदानात गेला. मग विल्फचं आलं. टाळ्या वाजल्या. मधल्या दरवाजातून कोणीच आलं नाही.

विल्फ माझ्यामागे उभा होता. तळहाताने ढकलत होता. मी सगळा जोर लावला, पण गंजाने आणि रंगाने मला चौकटीशी जखडून टाकलं होतं. टाळ्या विरत गेल्या. तो हळूच म्हणाला, "आज मला घेतलं नाही वाटतं संघात."

ऑर्व्हिलने वळून पाहिलं. काठी टेकत तो आला, पलीकडून मला ओढू लागला. मी हललो नाही.

"घेतलंय रे म्हाताऱ्या," तो म्हणाला, "तूच उशीर केलास." आणि माझ्यावर कोपरं टेकून तिथेच उभा राहिला. बाकीचे म्हातारेही आले. सगळ्यांनी माझ्यावरून हात पुढे करून विल्फचे हात हातात घेतले. जॉयस डोळे पुसत होती. फोटो निघाला.

प्रसंग फार सुंदर झाला, असं लोक म्हणाले. मित्रांनो, मला तसं वाटलं नाही. ते सगळे हिरवळीवर होते आणि विल्फ अलीकडे, फरशीवर. त्याला मैदानात जायचं होतं. थेंबभर तेलाचं काम होतं.

जुन्या माणसांसाठी टाळ्या जरूर वाजवा. पण ती यायच्या आधी कोणीतरी येऊन बिजागऱ्या तपासून ठेवा.