फ्रेंच घरात बाबांची जागा

माझ्या भावाला घर बांधायचं नव्हतं. त्याला लोकांची तोंडं उघडी पडलेली बघायची होती, आणि घर हे त्यासाठी लागणारं सामान होतं.

आमचं पेतिसचं घराणं, इंडोनेशियातल्या चिनी लोकांतलं. कोळंबीची डोकी उकळून, आटवून जो काळा चिकट गर उरतो तो पेतिस. सुराबाया शहरातल्या खाण्याच्या निम्म्या गाड्यांवर आमचाच असतो. शेजारच्या सिदोआर्जोला दुकानामागच्या चुलीवर बाबा आणि एमाक, म्हणजे आमची आई, तो ढवळत उभे असायचे, आणि त्या वासात मी आणि रुडी वाढलो. मी लग्न केलं नाही, एमाकजवळच राहिले. रुडीनं कारखाना काढला, तो धो धो चालला, आणि मग रुडीला त्या वासाचा त्रास व्हायला लागला.

शहराच्या पश्चिमेला गोल्फच्या मैदानाला लागून त्यानं जागा घेतली आणि एमाकला म्हणाला, "तूही चल. खालची मोठी खोली तुझी."

"तुझा बाप जिथे, तिथे मी," एमाक म्हणाली.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा फोटो आणि उदबत्त्यांच्या राखेचं भांडं लाल देव्हाऱ्यात असतं, दुकानाच्या दाराकडे तोंड करून. घरातल्या बापानं कोण आलं कोण गेलं ते बघायचं असतं. एमाक रोज सकाळी त्यांच्यापुढे कॉफी ठेवते आणि गल्लीत काल कोणाचं काय झालं ते सांगते. बाबा जिवंतपणी इतकं ऐकत नसत.

"दिवाणखान्यात, दारासमोर बसवतो बाबांना," रुडी म्हणाला. "शब्द देतो, एमाक."

एमाकनं बाबांनाच विचारलं. दोन नाणी टाकायची. एक उताणं, एक पालथं पडलं की होकार. तसंच पडलं. बाबा जन्मभर रुडीच्या शब्दावर विश्वास ठेवत आले होते, गेल्यावर काय सुधारणार.

शैली ठरवायच्या बैठकीला एमाकनं मला पाठवलं. "तुझ्या बापाची जागा बघून ये," म्हणाली. वास्तुकाराचं नाव पाक आर्यो; आमच्याकडे मानानं पुरुषाला पाक आणि बाईला बू म्हणतात. पायात मोजे न घालता बूट, आणि बोलताना डोळे मिटायची सवय. भिंतीएवढ्या पडद्यावर तो एकेक घर दाखवत होता. माझी भावजय मेलियाना प्रत्येक घराला भाजीवाल्याकडच्या वांग्यासारखी उलटून पालटून बघत होती.

बाली शैली आली. "ही हल्ली हॉटेलांना असते," ती म्हणाली. "लोक आल्या आल्या खोलीची किल्ली मागतील."

जपानी आली. "किती रिकामं! लोकांना वाटेल फर्निचरला पैसे उरले नाहीत."

भूमध्य सागरी आली, कमानी आणि कौलं. "आमच्या दातांच्या डॉक्टरचं घर असंच आहे." तेही बाद झालं. राहायला कसं वाटेल, हा प्रश्न त्या खोलीत कोणाच्या डोक्यात आला नाही. मला आला, पण मला कोण विचारतंय.

मग पाक आर्योनं डोळे मिटले आणि फ्रेंच महाल दाखवला. पांढरेशुभ्र खांब, संगमरवरी पायऱ्या, आत नारळाच्या झाडाएवढं झुंबर. मेलियानाच्या डोळ्यांत पाणी आलं. नवराबायको एकदा पॅरिसला जाऊन आले होते. तिथे दोघांचं पोट बिघडलं आणि सगळे दिवस हॉटेलात भात शोधण्यात गेले. तरी तेवढ्यानं ती फ्रेंच झाली होती.

"समोरच्या टायरवाल्याच्या घराला खांब किती?" रुडीनं विचारलं.

"चार, पाक."

"मग आपल्याला सहा."

झाली शैली ठरून. माणूस चप्पल घेताना याहून जास्त विचार करतो.

"आणि बाबांचा देव्हारा?" मी म्हटलं.

मेलियानानं कपाळाला आठ्या घातल्या. नवऱ्यासारखी तीही मला चिक, म्हणजे ताई, म्हणते. "चिक लानी, तो लाल आहे हो."

"लालच असतो."

"बू लानी," पाक आर्यो मला समजावू लागला, "प्रत्येक शैलीची एक भाषा असते."

"मग या भाषेत बापाला काय म्हणतात?"

त्यानं डोळे उघडले. म्हणाला, देव्हाऱ्याला पांढरा रंग देऊन कडेनं सोनेरी नक्षी काढता येईल. किंवा सरकत्या फळीमागे ठेवता येईल; बटण दाबलं की बाबा बाहेर, दाबलं की आत. रुडीला बटणाची कल्पना फार आवडली. पण मेलियानाच्या चर्चच्या प्रार्थनामंडळातल्या बायका दर आठवड्याला येणार, आणि बटण चुकून दाबलं गेलं तर? रुडी फोनमध्ये डोकं घालून बसला. घरातलं काहीही अवघड झालं की त्याला महत्त्वाचे फोन येतात.

"एमाकला शब्द दिलायस," मी म्हटलं.

"हो गं चिक. बसवू कुठंतरी."

कुठंतरी! ज्यानं कोळंबीची टोपली खांद्यावर वाहून याला शिकवलं, त्याला कुठंतरी. मला त्या क्षणी भावाची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही. एमाकला मी तो शब्द जसाच्या तसा सांगितला. ती म्हणाली, "मुलगा आहे. बसवेल नीट."

घरभरणीच्या आदल्या दिवशी, चांगली वेळ बघून, कारखान्याची गाडी बाबांना घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि एमाक निघालो. एमाक वाटेत झोपली. गाडी थांबली तेव्हा तिनं डोळे उघडले आणि काचेतून बाहेर पाहिलं.

फाटकापासून रस्त्यापर्यंत फुलांचे उंच फलक ओळीनं उभे होते. आमच्याकडे ते दुकान उघडलं तरी पाठवतात, माणूस गेलं तरी पाठवतात; अक्षरं तेवढी वेगळी, आणि एमाकला ती अक्षरं आता दिसत नाहीत. मागे सहा पांढरे खांब, पांढऱ्या पायऱ्या, झुंबराचा उजेड, काळ्या कोटातले वाढपी. तिच्या वयाच्या बायकांचं बाहेर जाणं म्हणजे शहरातल्या मोठ्या शोकगृहात कोणाच्या तरी अंत्यदर्शनाला जाणं. दर पंधरवड्याला कोणीतरी जातंच. ते शोकगृह हुबेहूब असं दिसतं. मला कसं आधी सुचलं नाही, कोण जाणे.

एमाकनं पिशवीतून पांढरं पाकीट काढलं. शोकाच्या घरी द्यायचे पैसे घातलेलं ते पाकीट तिच्याजवळ कायम असतं.

मी काही बोलायच्या आत ती पायऱ्या चढली. दारात मोत्यांची माळ घालून मेलियाना उभी होती. एमाकनं पाकीट तिच्या हातात ठेवलं, तो हात दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "धीर धर, बाळ. फार त्रास नाही ना झाला जाताना?"

मागे टायरवाल्याची बायको फसकन हसली. प्रार्थनामंडळातल्या बायका झुंबराकडे बघायला लागल्या. रुडी धावत आला. "एमाक, मी रुडी! हे आपलं घर आहे."

एमाकनं त्याच्याकडे पाहिलं, मग खांबांकडे. "तुझं घर," ती म्हणाली. "असं होय. मग तुझा बाप कुठाय?"

दारासमोर, बाबांच्या जागी, दगडाची एक उघडी बाई घागर ओतत होती.

"आत आहेत," रुडी म्हणाला.

इथल्या मोठ्या घरांत दोन स्वयंपाकघरं असतात. पुढचं दाखवायचं, त्यात कोणी अंडंसुद्धा फोडत नाही. मागचं रांधायचं, तळणाचं, धुराचं. बाबा मागच्यात होते, गॅसच्या टाकीच्या आणि फरशी पुसायच्या बादलीच्या मधे, भिंतीकडे तोंड करून. राखेच्या भांड्यात आचाऱ्यांपैकी कोणीतरी लवंगी सिगारेट विझवली होती.

एमाकनं ते थोटूक दोन बोटांनी उचललं आणि रुडीच्या तळहातावर ठेवलं.

"तात्पुरतं आहे, एमाक," तो म्हणाला. "त्या शैलीत बसत नव्हतं."

तिनं फोटो उचलून छातीशी धरला. राखेचं भांडं मी घेतलं.

"अगं, नेण्याआधी बाबांना विचार तरी. नाणी टाक." रिवाज त्याला आत्ता आठवले.

"एवढं त्यांना न विचारता कळतं मला," एमाक म्हणाली.

आम्ही पाहुण्यांमधून बाहेर आलो. गाडीपाशी रुडीनं मागून येऊन ते पांढरं पाकीट तिच्यापुढे धरलं. "हे तरी परत घे. अपशकुन होतो. या घरात कोणी गेलेलं नाही."

एमाक फोटो मांडीवर घेऊन आत बसली. मग तिनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"गेलंय," ती म्हणाली. "राहू दे तुझ्याकडे."