पाऊस पडला त्या उन्हाळ्याची मोजणी

मित्रांनो, मी एक जुनं, मुठीत मावणारं मोजणीयंत्र आहे. अंगठ्यानं माझा खटका दाबला की काचेमागचा आकडा एकानं पुढे सरकतो. रोसारिओ शहरातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बसमध्ये चढणारी माणसं मोजायची, एवढंच माझ्या नशिबी होतं. पण नेलिदा किरोगा या संशोधक बाईंनी मला उचललं आणि थेट अंटार्क्टिकाला आणलं.

दर उन्हाळ्यात आम्ही एकाच बेटावर पेंग्विनची पिल्लं मोजायचो. विष्ठेनं लालसर झालेले खडक, पिल्लांचा गलका आणि माझी टकटक! सोबत बोटवाला ओविदिओ.

"डॉक्टरबाई, हे यंत्र तुमच्यापेक्षा कमी चुकतं हं!" तो चिडवायचा. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग एका उन्हाळ्यात हवा नेहमीपेक्षा उबदार झाली आणि बर्फाऐवजी पाऊस पडला. थांबेचना. पिल्लांच्या अंगावर अजून नुसती लव होती. तिच्यावरचा कोरडा बर्फ झटकता येतो, पाणी मात्र आत मुरतं. पिल्लं चिंब झाली आणि पाठोपाठ बोचरा वारा सुटला.

प्रत्येक घोळका तीनदा मोजायचा, असा नियम. दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा आकडा कमी आला.

"चुकलं असेल," ओविदिओ म्हणाला. "बोटं गारठलीत तुमची."

तिसऱ्यांदा आणखी कमी.

"चुकत नाहीये मी," नेलिदानं माझ्या काचेवरचं पाणी पुसलं. "मोजेपर्यंत मरताहेत ती."

एक पिल्लू तिच्या बुटापाशी थरथरत होतं. त्याला गुंडाळायला ओविदिओनं अंगातला कोट काढला.

"तुमच्याच अंगात घाला तो! सगळ्या बेटाला पुरतील एवढे कोट कुठून आणणार?" नेलिदा म्हणाली.

"मग काय, नुसतं मोजत बसायचं?"

"हो!" ती ओरडली. "नाहीतर ही इथं होती, हे तरी कुणाला कळेल?"

एक आई समुद्रावरून पोटभर खाऊ घेऊन आली. निपचित पडलेल्या पिल्लाला चोचीनं ढोसत राहिली. मला डोळे मिटता आले असते तर!

शेवटी नेलिदानं मला शून्यावर आणलं आणि मेलेली पिल्लं मोजायला घेतली. आता मात्र माझा आकडा वाढतच गेला. ओविदिओ पाठमोरा उभा होता. कोट त्यानं पुन्हा घातलाच नाही.

आता तिथली मोजणी उडता कॅमेरा करतो. मी आमच्या संशोधन तळावरच्या एका खणात गंजत पडलं आहे. मित्रांनो, मला पुसलं नाहीत, तेल घातलं नाहीत, तरी चालेल. पण जगाची हवा तापवून तिथल्या पिल्लांची कोरडी थंडी त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका.